विना थांबा, टाकी चौक

२ फेब्रुवारी, सोमवार

ही जाडजूड डायरी टाइल्सच्या दुकानदारानं निवडून आल्याबद्दल दिली. अशा डायऱ्या आजवर लई आल्या आणि नातेवाइकांच्या पोरांनी त्यात गणितं सोडवून संपवल्या. ही मी ठेवून घेतली. तिसऱ्यांदा नगरसेवक झालोय, वय एकसष्ट आहे. काकासाहेब गाडेकरांनी प्रभागासाठी काय केलं असं उद्या कुणी विचारलं तर उत्तर माझ्याच अक्षरात असावं.

उत्तर खरं तर माझ्या गॅलरीतून दिसतं. रस्ता. पूर्वी दौलताबाद, वेरूळ, कन्नडकडं जाणारी सगळी वाहनं आमच्या टाकी चौकात येऊन अडकायची. रविवारी पर्यटकांच्या गाड्या, खुलताबादचे भाविक, उसाचे ट्रॅक्टर, एसटी, सगळं नाकात नाक घालून उभं. लग्नाच्या तिथीला नवरदेव चौकात आणि मुहूर्त कार्यालयात. मधली काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तरी मी मुंबईच्या फेऱ्या सोडल्या नाहीत. आज तीन पदरी जायला, तीन पदरी यायला, मधे दुभाजक, दुभाजकात कण्हेर. दिवाळीच्या आधी खुला झाला. चौकात माझ्या फोटोचा फलक आहे : ‘टाकी चौक आता विना थांबा’. घोषणा माझीच.

माझं मत सरळ आहे. वाहतूक या शब्दातच वाहणं आहे. जी थांबते ती वाहतूक नव्हे.

संध्याकाळी द्वारकाला गॅलरीत बोलावलं. म्हटलं, बघ. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “लई मोठा झाला हो रस्ता.” आमची मंडळी सहसा कौतुक करत नाही. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सभेत वाहतुकीवर बोललो. शेअर रिक्षा हात दिसला की जागच्या जागी थांबतात ते बंद झालं पाहिजे. सिटी बसचे थांबे रस्त्याच्या बाहेर घेतले पाहिजेत. मंगल कार्यालयांनी वरात आवारातच नाचवावी. सभागृह ऐकत होतं. मी बोलायला लागलो की माणसं मोबाइल खाली ठेवतात, हे मी पूर्वीही पाहिलंय.

प्रभागातून आम्ही चौघं आहोत. तिघं आमच्या पक्षाचे, चौथ्या गुलशन शेख समोरच्या पक्षाच्या. रस्त्याच्या पलीकडं शिक्षक कॉलनीत राहतात, शिवणकामाचे वर्ग चालवतात. माझा बालमित्र मुख्तार, पलीकडचाच सीट कव्हरवाला, त्याच्या पुतण्याची ती बायको. पहिल्यांदाच निवडून आल्यात. उठून म्हणाल्या, “काका, सब बराबर है. पण जो माणूस पायी आहे त्यानं काय करायचं?”

मी म्हटलं, “ताई, आता पायी कोण चालतं?”

सभागृह हसलं. त्या खाली बसल्या. बाई चांगली आहे, शिकेल हळूहळू.

बाहेर आल्यावर आमचे गटनेते आप्पासाहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “स्थायी समितीत तुमचं नाव धरून चाला.” दोन वेळा निवडून येऊनही ते जमलं नव्हतं. द्वारकाला सांगितलं. ती भाजी निवडत होती, “बरं झालं” म्हणाली.

११ फेब्रुवारी, बुधवार

मुख्तार चहाला येत नाही. दुकान उघडण्याआधी माझ्याकडं चहा, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. दिवाळीपासून जवळजवळ बंद आहे. त्याची सून माझ्या विरोधी पक्षातून निवडून आली म्हणून त्याला संकोच होत असणार. राजकारण मैत्रीत आणू नये एवढं त्याला कळायला पाहिजे होतं. मी काही बोलावणं धाडणार नाही. चूक माझी नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा सोमनाथ कन्नडहून आला. म्हणाला, “दाजी, घाट उतरलो ते थेट तुमच्या दारात. कुठं ब्रेक लावला नाय.” मी त्याला गॅलरीत खुर्ची दिली. वेरूळला जाणाऱ्या गाड्या एकामागं एक सुटत होत्या. आम्ही दोघं नुसतं बघत बसलो. असं काही आपल्या हातून झालं की माणसाला दुसरं काही लागत नाही.

जेवण झाल्यावर सोमनाथ बहिणीला म्हणाला, “अक्का, चल, अपेक्षाकडं जाऊन येऊ. बाळाला बघून निघतो.” आमची अपेक्षा पलीकडं शिक्षक कॉलनीत दिलेली आहे. समोरासमोर घरं, तिच्या गच्चीवरचे कपडे इथून दिसतात. द्वारका म्हणाली, “तू जा गाडीवर. माझे पाय दुखतेत.”

हे मला खटकलं. पूर्वी ही रोज दुपारी भांडी आवरली की लेकीकडं जायची. आता नात झालीय, तर उलट जास्त जायला पाहिजे. मायलेकींचं काहीतरी बिनसलंय. बायका सांगत नाहीत.

४ मार्च, बुधवार

कडूबा दूधवाल्याला काल सकाळी चौकात जीपनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. दौलताबादेहून सायकलवर दूध आणायचा, आमच्याकडं लग्नापासून त्याचंच दूध. रस्त्याच्या कडेला सायकल लावून कॅन हातात घेऊन पलीकडं जात होता. दवाखान्यात जाऊन आलो. शुद्धीत आहे. मला बघून हात जोडायला लागला, मी जोडू दिले नाहीत.

वाईट झालं. पण त्याला ऐकू कमी येतं आणि घाई फार. नव्या रस्त्याची शिस्त लोकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागणार. दोन्ही कडेला ‘वाहने वेगात आहेत, जपून’ असे फलक लावायला सांगितलेत.

द्वारका काल जेवली नाही. कडूबाचं मनाला लावून घेतलं असावं.

८ मार्च, रविवार

महिला दिनाचे तीन कार्यक्रम उरकून ठरवलं की मायलेकींचं आपणच मिटवायचं. गाडी काढली आणि अपेक्षाकडं गेलो. नातीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, “आईशी काय झालं ते सांग. मी मधे पडतो.”

ती म्हणाली, “बाबा, आमचं काय झालं नाही.”

“मग ती येत का नाही?”

तिनं उलट विचारलं, “तुम्ही कसे आलात?”

“गाडीनं.”

“कुठून?”

“कुठून म्हणजे? पुढं जकात नाक्यापाशी यू-टर्न आहे, तिथून फिरून. लांब पडतं थोडं, पण रस्ता असा झालाय की कळतसुद्धा नाही.”

ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लहान बाळाची आई, झोप मिळत नाही, दमली आहे. मी जास्त ताणलं नाही. निघताना तिनं आईसाठी बाळाचं एक जुनं झबलं दिलं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाली, “वास येतो त्याला बाळाचा. आई घेईल.”

द्वारकाला दिलं. तिनं घडी घालून उशीखाली ठेवलं. म्हणजे अबोला फार खोल नाही.

१६ मार्च, सोमवार

पलीकडच्या शाळेत प्रभागाची बैठक झाली. मुख्याध्यापिका विशाखा मॅडम बोलल्या. रस्त्याच्या या बाजूची, म्हणजे आमच्या कॉलनीकडची मुलं गळायला लागलीत. ज्यांना रिक्षा परवडते ती येतात, बाकीच्यांचे आईबाप पाठवायला भितात. काहींनी मुलींचं शिक्षणच बंद केलंय.

मी समजावून सांगितलं की एवढ्या मोठ्या रस्त्यावर माणसांसाठी गाड्या थांबवायच्या तर रस्ता केला कशाला. पादचारी पुलाचा प्रस्ताव आपण यथावकाश देऊ. तोवर डावी-उजवीकडं बघावं, धीर धरावा आणि ओलांडावा. रस्ता ओलांडायला थोडी हिंमत लागते, एवढंच.

गुलशनताई मागच्या बाकावर होत्या. रोजे चालू आहेत, चेहरा उतरलेला होता, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, “काका, तुम्ही बडे आहात, तुमचं ऐकतो. मग उद्या शाळेच्या टायमाला आपण दोघं ओलांडू. सगळे बघतील, सगळे शिकतील. तुम्ही सकाळचा चहा घेऊन गॅलरीत बसता ना, तेव्हाच.”

मी म्हटलं, “अवश्य.” टाळ्या पडल्या. मी चहा कधी घेतो, कुठं बसतो, हे त्यांना कसं ठाऊक, कोण जाणे. लोकप्रतिनिधीवर लोकांचं लक्ष असतंच.

१७ मार्च, मंगळवार

सविस्तर लिहितो.

सकाळी निघताना द्वारकानं कापडी बूट पुढं ठेवले. म्हणाली, “चपलेनं जाऊ नका.” बैठकीतलं मी तिला काही बोललो नव्हतो. मी पांढरा शर्ट घातला, टोपी घातली. चौकात चहाच्या टपरीवर माणसं जमली होती. गुलशनताई आल्या, ओढणी कमरेला खोचलेली. म्हणाल्या, “काका, तुम्ही पुढं, मी मागं.”

पहिली बाजू जमली. शहराकडून येणाऱ्या गाड्यांत जरा फट मिळाली, मी पळत दुभाजक गाठला. वळून टपरीकडं हात केला. माणसांनीही हात केला. गुलशनताई अजून कडेलाच होत्या, मधे पुन्हा गाड्यांची रांग लागली.

दुसरी बाजू उताराची आहे. खुलताबादकडून येणारी वाहनं तिथं सुसाट येतात. एक एसटी गेली, तिच्यामागं डंपर, दोघांच्या मधून मोटारसायकली. मी एक पाय खाली टाकला, हॉर्न वाजला, मागं घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. डंपरच्या वाऱ्यानं टोपी गेली, ती कुणाच्या तरी चाकाखाली गेलेली मी बघितली. म्हटलं परत फिरावं. मागं बघतो तर तिकडंही तसंच. पुढं जाता येईना, मागं जाता येईना. एका कण्हेरीला धरून उभा राहिलो.

दुभाजकावर मी एकटा नव्हतो. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली एकमेकींच्या दप्तराला धरून उभ्या होत्या. डोक्यावर मेथीचं गाठोडं घेतलेली एक बाई होती. त्यातली धाकटी मुलगी मला म्हणाली, “आजोबा, बसा. इथं बसता येतं. आम्ही रोज बसतो.”

खाली बघितलं. कण्हेरीच्या रांगेत तेवढ्या भागात रोप नव्हतं. माती बसून बसून घोटीव झाली होती. ती मोकळी जागा मला गॅलरीतून रोज दिसायची. मला वाटायचं, मोकाट जनावरं खातात. उद्यान विभागाला दोनदा फोनही केला होता.

मी बसलो. नगरसेवक काकासाहेब गाडेकर दुभाजकावर, त्या मुलींच्या शेजारी.

मग पलीकडून मुख्तार आला. हातात सीट कव्हरच्या लाल रेक्झिनचा मोठा तुकडा. दोन्ही हातांनी तो डोक्यावर ताणून धरत मुख्तार सरळ रस्त्यात उतरला. गाड्यांनी करकचून ब्रेक लावले. शिव्या ऐकू आल्या. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “चल यार काकासाहेब.”

मी म्हटलं, “तू रुसला होतास ना?”

“कशाला रुसू? दोनदा तुझ्याकडं चहाला निघालो. दोन्ही बार इथवर येऊन वापस गेलो. तुझे गुडघे जेवढे जुने, तेवढेच माझे.”

“मग सांगायचं नाही का?”

“तू लई खुश होता यार.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “भाभी बी इथं अडकल्या होत्या, संक्रांतीच्या टायमाला. वाणाचं ताट होतं हातात. मीच तुझ्या गेटपर्यंत सोडलं. नको सांगू बोलल्या.”

त्यानं मला, मुलींना आणि त्या बाईला पलीकडं नेलं. टपरीवाल्याच्या भावाची तिकडंही टपरी आहे. मला चहा दिला. मुख्तारचा रोजा, तो नुसता शेजारी बसला. मला कप धरता येत नव्हता, त्यानं बशी धरली.

१८ मार्च, बुधवार

द्वारकाला विचारलं, “मला बोलली का नाहीस?”

“बोलले होते की.”

“कधी?”

“गॅलरीत.”

आज एवढंच.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली. सकाळभर विचार केला. रस्ता चुकलेला नाही. हे मी आजही कुणापुढंही सांगेन. रस्त्यात एक गोष्ट राहून गेलीय. आणि जो माणूस मुंबईहून सहा पदर आणू शकतो, तो ती एक गोष्टही आणू शकतो.

२१ मार्च, शनिवार. ईद

मुख्तारकडं शीरखुर्म्याला गेलो, जोडीनं. गाडी काढली नाही. मुख्तारनं रेक्झिन पाठवून दिलं होतं. मी ते धरलं, द्वारकानं माझा शर्ट मागून धरला. पहिली गाडी थांबेना. दुसरीही. तिसरी थांबली. पलीकडं पाय टेकल्यावर द्वारकानं शर्ट सोडला आणि सरळ अपेक्षाच्या घराकडं चालायला लागली. मी मागून ओरडलो, “अगं, मुख्तारकडं जायचंय.” तिनं ऐकलं नाही. मुख्तारकडं मी एकटाच बसलो. सुनेनं, म्हणजे गुलशनताईंनी, दोन वाट्या शीरखुर्मा वाढला. दुसरी द्वारकाच्या नावाची. ती पण मीच खाल्ली.

२५ मार्च, बुधवार

रस्त्याच्या खात्यातल्या इंजिनिअरना भेटलो. तरुण आहेत, अदबीनं बोलले. “साहेब, आराखड्यात तिथं सिग्नल होता. तुमच्याच आग्रहानं काढला.”

मी म्हटलं, “मग माझ्याच आग्रहानं परत घाला.”

ते म्हणाले, महापालिकेचा ठराव लागेल, पोलिसांचं मत लागेल. मी म्हटलं, आणतो. बाहेर येताना जिना भराभर उतरलो. कामाला लागलं की मला असं होतं.

३० मार्च, सोमवार

सिग्नल येईपर्यंत वाट बघत बसण्यात अर्थ नाही. शाळा भरताना आणि सुटताना चौकात मी उभा राहतो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गुलशनताई. गळ्यात शिट्टी, हातात रेक्झिन. वाहतूक पोलिसांना कळवलं. त्यांचा एक शिपाई जमेल तसा येतो.

आज एक मोठी गाडी थांबली. काचेवर आमच्याच पक्षाचं चिन्ह. चालवणारा पोरगा डोकं बाहेर काढून म्हणाला, “ए बाबा, बाजूला हो. ते बोर्ड वाच. विना थांबा हाय रस्ता. नगरसेवकाचा फोटो हाय.”

मी म्हटलं, “नीट बघ. तोच उभाय.”

त्यानं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि इंजिन बंद केलं. गुलशनताई पलीकडून हसत होत्या. मुलं गेली. पायी चालणारी माणसं आमच्या चौकात एवढी आहेत हे मला आता कळतंय. गॅलरीतून ती गाड्यांच्या मधे दिसत नाहीत.

९ एप्रिल, गुरुवार

आप्पासाहेबांनी बोलावलं. चहा, बाकरवडी. म्हणाले, “काकासाहेब, पोलिसासारखं उभं राहताय म्हणे. प्रसिद्धी बरी आहे, पण आता पुरे. सिग्नलचं सभेत काढू नका. पुढच्या हॉटेलवाल्यांना गिऱ्हाईक वेगात पायजे. आणि मत देणारा गाडीत बसलेला असतो, पायी चालणारा देतो का न देतो.”

मी म्हटलं, “आप्पासाहेब, माझ्या घरातलं एक मत पायी चालतं.”

ते हसले. “स्थायीची नावं याच महिन्यात जातेत. तुम्हाला सांगायला नको.”

आमच्या पक्षात मतभेद बोलून मिटवतात, ही चांगली पद्धत आहे. माझं म्हणणं त्यांना पटलं असावं, कारण दारापर्यंत सोडायला आले.

१६ एप्रिल, गुरुवार

सभेत ठराव मांडला. टाकी चौकात सिग्नल, माणसांना ओलांडायला उंचवट्याचा पट्टा आणि दुभाजकात थांबायला कठड्याची जागा. मांडायला उभा राहिलो तेव्हाच आमच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, “काका, बोर्ड बदलला का?” हशा झाला. मला ते हसणं ओळखीचं वाटलं. याच जागी उभं राहून मी ते मिळवलं होतं.

मी ठरवलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हटलं, “तो रस्ता मी आणला. कुणी आणला असं विचारलं तर आजही माझंच नाव घ्या. पण त्या रस्त्यानं माझ्या प्रभागाचे दोन तुकडे केले. माझी लेक समोर राहते आणि माझ्या बायकोला पाच महिने नात मांडीवर घेता आली नाही. मी गॅलरीत बसून गाड्या बघत होतो. माझा रस्ता आहे, म्हणून त्याला कुठं थांबायचं हे सांगायचा अधिकारही माझाच आहे. मी तो मागतोय.”

कुणी हसलं नाही. मोबाइल खाली होते की वर, ते मी बघितलं नाही. गुलशनताईंनी अनुमोदन दिलं. त्यांच्या पक्षाचे हात वर गेले, मग आमच्यातले एकेक. आप्पासाहेबांचा हात खालीच होता, त्यांचा खांदा दुखतो. ठराव मंजूर झाला.

आजवरचं माझं सगळ्यात चांगलं भाषण. घरी येऊन द्वारकाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिनं मधे एकदा पदरानं नाक पुसलं आणि “एवढ्या माणसांत घरातलं कशाला सांगितलं?” म्हणाली. मग म्हणाली, “परत म्हणा तेवढं शेवटचं.”

२२ एप्रिल, बुधवार

स्थायी समितीची नावं आली. माझं नाही. कार्यालयाच्या चुकीनं राहिलं असेल म्हणून आप्पासाहेबांना फोन केला, उचलला नाही. कामात असतील.

घरी आलो तर पुरणपोळीचा वास. आज सण नाही, कुणाचा वाढदिवस नाही. विचारलं, कशाबद्दल? द्वारका म्हणाली, “केली सहज.” गुलशनताईंचा फोन आला, त्यांनी नुसतं “काका, जेवले का?” विचारलं. दोघींची चांगली ओळख दिसते. केव्हा झाली, मला माहीत नव्हतं.

१२ मे, मंगळवार

काम सुरू झालं. ऊन मी म्हणतंय. शाळेला सुटी आहे तरी मी चौकात जातो, नाहीतर मजूर पट्टा वाकडा मारतील. फलक आज उतरवला. उतरवायला माणूस येणार होता, पण मीच शिडीवर चढलो. मुख्तारनं शिडी धरली. वरून म्हटलं, “फोटो बरा आलाय रे.” तो म्हणाला, “जवानीचा आहे. कापड मजबूत आहे, मला दे, टेम्पोची ताडपत्री होईल.” दिलं.

कडूबा काठी घेऊन चालायला लागलाय. त्याचा पुतण्या मोटारसायकलवर दूध आणतो. कडूबाला भेटायला दौलताबादला गेलो होतो. मी त्याला म्हटलं, “कडूबा, तुझी चूक नव्हती.” तो म्हणाला, “मला कुठं वाटली व्हती?” आणि ताक पाजलं.

१५ जून, सोमवार

शाळा सुरू झाली, आणि आज सकाळी सिग्नलही.

पक्षाकडून कुणी आलं नाही. नारळ मी आणला, विशाखा मॅडमनी फोडला. पोलिसांच्या शिपायानं पेटीचं झाकण उघडून बटण दाबलं. आधी हिरवा होता, मग पिवळा, मग लाल. वेरूळची बस थांबली. तिच्यामागं कन्नडची जीप, खडीचे डंपर, पर्यटकांच्या गाड्या, मोटारसायकली. उतारावर नजर पोचेल तिथवर सगळं थांबलं. मी कडेला उभा होतो. हाताच्या इशाऱ्याशिवाय, शिट्टीशिवाय एवढी वाहनं उभी. गाड्या पळताना बघून जो आनंद व्हायचा, त्याच्यापेक्षा हा जास्त होता. का, ते मला नीट सांगता येत नाही.

मुलं निघाली. गुलशनताई त्यांच्या पुढं. आणि घरून, मला न सांगता, द्वारका आली. हातात डबा, अंगावर लेकीनं दिलेलं हिरवं लुगडं. ती पट्ट्यावर उतरली. तिच्या चालीनं, म्हणजे हळू. मधोमध पोचली आणि तिथंच गुलशनताईंशी बोलायला थांबली. घरचे कसे आहेत, शिवणाचा वर्ग कधी सुरू, असलं काहीतरी.

मी कडेवरून म्हटलं, “अगं, चल लवकर. गाड्या थांबल्यात.”

तिनं मान वळवली. “थांबल्यात ना? मग?”

आणि बोलणं पुरं करून, पदर नीट करून ती पलीकडं गेली. वळून बघितलं नाही. बसचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून बघत होता. त्यानं मला विचारलं, “कोण हायेत त्या बाई?”

मी म्हटलं, “आमची मंडळी.” मोठ्यानं म्हटलं, मागच्या जीपपर्यंत जाईल असं.

दुपारी घरात कुणी नव्हतं. गार भात होता, त्यावर दूध घालून जेवलो. आता संध्याकाळ झालीय, चौकातले दिवे लागलेत, ती अजून आलेली नाही. अपेक्षाला फोन लावायला घेतला होता, पण ठेवून दिला. येईल तिच्या वेळेनं.